लॅपटॉपची जुळणी भारतात, सुटे भाग बाहेरून: याला उद्योग म्हणायचे का, आणि तो विदर्भात येईल का?

आर्वीकर:
नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्या संगणक कक्षातील लॅपटॉपच्या खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले आहे. मात्र त्यांतील एक दुरुस्तीसाठी उघडला तेव्हा प्रोसेसर, मेमरी, पडदा आणि बॅटरी या सगळ्यांवर परदेशांचीच नावे होती. मग इथे नेमके काय तयार झाले, असे विद्यार्थ्यांनी विचारले आणि मला नीट सांगता आले नाही. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मँचेस्टरला जायचा आणि कापड होऊन इथल्याच बाजारात विकला जायचा, त्यातलाच हा प्रकार आहे का? शिवाय नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा मिहान या औद्योगिक क्षेत्रांत असा निर्यातक्षम कारखाना उभा राहू शकेल, की बंदर आठशे किलोमीटरवर असल्यामुळे तो विचारच सोडून द्यावा?

पुसदचा_तंत्रज्ञ:
सर, मी मूळचा पुसदचा असून सध्या तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर परिसरातील एका कारखान्यात काम करतो. जुळणी या एकाच नावाखाली दोन फार वेगळी कामे चालतात. तयार मदरबोर्ड, पडदा आणि कळफलक बाहेरून आणून स्क्रू आवळणे, सॉफ्टवेअर भरणे आणि चाचणी घेणे हे पहिले काम. त्यात इथे पडणारी मूल्याची भर थोडीच असते. कोऱ्या सर्किट बोर्डावर सुटे घटक बसवणे हे दुसरे. त्यात जाळीदार पत्र्यातून बोर्डावर सोल्डर पेस्ट छापली जाते, मग यंत्र त्यावर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद इतके बारीक घटक झपाट्याने ठेवत जाते, आणि पुढे तो बोर्ड भट्टीतून जातो. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या सुमारास वितळतो, म्हणून भट्टीचे कमाल तापमान २४५ अंशांच्या आसपास ठेवतात. पेस्ट फ्रीजमध्ये ठेवावी लागते, आर्द्रता सांभाळावी लागते, आणि वीज गेली तर भट्टीत अडकलेले बोर्ड बहुधा भंगारातच जातात. या दुसऱ्या कामातून तंत्रज्ञ घडतात, त्यामुळे त्याला उद्योग म्हणायला माझी तरी हरकत नाही.

सीमाशुल्क_अभ्यासक:
कापसाचे उदाहरण इथे उलटे लागू पडते, कारण आपण कच्चा माल पाठवत नसून जवळजवळ तयार माल आणत आहोत, आणि त्याचे मूळ करात आहे. भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरील सीमाशुल्क शून्यावर आले. तयार लॅपटॉप शुल्काविना येत असेल, तर इथे जुळणी करणाऱ्याला संरक्षण कशाचे? मोबाइलच्या बाबतीत सरकारने आयातशुल्क लावले, २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन (वाढीव विक्रीवर अनुदान) दिले, आणि २०२४-२५ मध्ये स्मार्टफोनची निर्यात २० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्या शुल्काविरुद्ध युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांनी तक्रारी केल्या आणि २०२३ मध्ये निवाडा भारताच्या विरोधात गेला, हेही नोंदवले पाहिजे. लॅपटॉपवर तसे शुल्क लावता येत नसल्याने मे २०२३ मध्ये १७,००० कोटी रुपयांची सुधारित प्रोत्साहन योजना आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयातीवर परवान्याचे बंधन घोषित करून सरकारने ते लगेच पुढे ढकलले आणि अखेर पूर्वपरवानगीच्या सौम्य पद्धतीवर समाधान मानले. माझ्या मते ती घाई अनाठायी होती. सुट्या भागांसाठीची २२,९१९ कोटींची योजना मार्च २०२५ मध्ये मंजूर झाली. खरे तर ती आधी यायला हवी होती.

नागपूर_मालवाहतूक:
बंदराच्या अंतराचा बाऊ करू नये. संगणकाचे भाग वजनाने हलके आणि किमतीने भारी असतात, त्यामुळे ते बरेचदा विमानानेच जातात. जो माल समुद्रमार्गे जातो त्यासाठी नागपूरच्या कंटेनर डेपोतून रेल्वेची सोय आहे. आपली खरी उणीव पुरवठादारांची आहे. मलेशियातील पेनांगने १९७२ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र सुरू केले, इंटेल त्याच वर्षी तिथे आली, आणि पुढच्या काही दशकांत साचे, यंत्रभाग व चाचणी-उपकरणे बनवणारे स्थानिक उद्योजक तिच्याभोवती तयार झाले. कोस्टा रिका या कॉफी-केळी पिकवणाऱ्या देशातही इंटेलने १९९८ मध्ये कारखाना सुरू केला होता; २०१४ मध्ये तिने तेथील जुळणी आणि चाचणी आशियात हलवण्याचे जाहीर केले. मिहानला एक मोठे नाव आणले आणि बुटीबोरीतील लहान कारखानदार त्याला साधा प्लास्टिकचा साचाही पुरवू शकला नाही, तर ते नाव इथे किती काळ टिकेल, हा माझा प्रश्न आहे.

आर्वीकर:
सर्वांचे आभार. आमच्याकडच्या काही मुली डिप्लोमा करून या क्षेत्रात जाऊ इच्छितात. त्यांना काय सांगावे?

पुसदचा_तंत्रज्ञ:
इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा चालेल, मात्र त्यासोबत आयपीसी-ए-६१० या मानकानुसार सोल्डरिंगची तपासणी त्यांनी शिकून घ्यावी; मुलाखतीत त्यावर हमखास विचारतात. इकडच्या कारखान्यांत मुलींची संख्या मोठी आहे, आणि तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक महामंडळाने २०२४ मध्ये वल्लम-वडगाल येथे अठरा हजारांहून अधिक महिला कामगारांसाठी वसतिगृह सुरू केले आहे. येण्याआधी मात्र नियुक्तिपत्र कंपनीचे आहे की कंत्राटदाराचे, भविष्य निर्वाह निधी कोण भरणार आणि रात्रपाळीला ने-आण कोणाची, या तीन गोष्टी लेखी घ्यायला सांगा.