ऑसिलेटरवर हर्ट्झ वाढवले की कार्बन डायऑक्साइड उलट का चढतो?

सिस्टर_नाशिकरोड
आमच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) पिस्टनवाला ऑसिलेटर, म्हणजे फार वेगाने छोटे छोटे झटके देणारा व्हेंटिलेटर, आलाय. बेडपाशी लावायला एक पानी तक्ता करतेय. ऑक्सिजनसाठी एमएपी (श्वसनमार्गातला सरासरी दाब) आणि एफआयओटू (दिल्या जाणाऱ्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण), कार्बन डायऑक्साइडसाठी अॅम्प्लिट्यूड (झटक्याचा जोर), इथपर्यंत समजलं. पण साध्या व्हेंटिलेटरवर रेट वाढवला की सीओटू (कार्बन डायऑक्साइड) उतरतो आणि इथे हर्ट्झ वाढवले तर चढतो, हे कसं? आणि सुरुवातीचे आकडे काय लिहू?

नवजात_डॉक्टर
सिस्टर, 10 हर्ट्झ म्हणजे मिनिटाला 600 झटके. इन्स्पिरेटरी टाइम 33 टक्के धरला तर एका झटक्यात हवा आत जायला 0.033 सेकंद मिळतात. 15 हर्ट्झवर फक्त 0.022. वेळ कमी, म्हणून टायडल व्हॉल्यूमही (एका झटक्यात आत जाणारी हवा) कमी. आणि सीओटू बाहेर पडतो तो साधारण हर्ट्झ गुणिले व्हॉल्यूमचा वर्ग या हिशोबाने. समजा 10 हर्ट्झला 2 मिली जातंय, तर 40. हर्ट्झ 12 केल्यावर व्हॉल्यूम 1.7 वर आलं तर जेमतेम 35. वर्गाचा मार बसतो.

सुरुवात: प्रीटर्मला (दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला) 10 ते 15 हर्ट्झ, पूर्ण दिवसांच्या बाळाला 8 ते 10. एमएपी आधीच्या व्हेंटिलेटरवरच्यापेक्षा 2 सेंमी (पाण्याचा दाब) जास्त, मग एफआयओटू 0.3 च्या आसपास येईपर्यंत 1-1 ने चढवत जा. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचणं) किंवा पीआयई (फुप्फुसाच्या ऊतीत हवा शिरणं) असेल तर असं चढवू नका, तिथे एमएपी कमीच ठेवायचा आणि थोडा जास्त एफआयओटू सोसायचा. अॅम्प्लिट्यूड छाती बेंबीपर्यंत थरथरेल इतका. सीओटू बिघडला तर आधी अॅम्प्लिट्यूडला हात लावा, हर्ट्झला सगळ्यात शेवटी.

तासाभरात एक्स-रे. मागच्या 8 ते 9 बरगड्या दिसल्या की फुगवटा बरोबर. डायाफ्राम सपाट आणि हृदय बारीक दिसतंय, बीपीही पडतंय, तर बोलस (शिरेतून एकदम द्यायचं सलाईन) देण्याआधी एमएपी 1-2 ने उतरवा. छातीतल्या दाबामुळे रक्त हृदयाकडे परतत नसतं.

तक्त्यात लाल पेनाने लिहा: पहिला गॅस (रक्तातल्या वायूंची तपासणी) 20 मिनिटांत. सर्फॅक्टंट (फुप्फुस उघडं ठेवणारं औषध) दिल्यावर फुप्फुस झपाट्याने मोकळं होतं, सीओटू धाडकन उतरतो, आणि प्रीटर्मच्या मेंदूला तो उतारच बाधतो.

व्हीजी_वाला
डॉक्टरांचं गणित व्हॉल्यूम गॅरंटी (ठरवलेलं व्हॉल्यूम राखणारी सोय) बंद असताना खरं. ती चालू असेल तर मशीन व्हॉल्यूम धरून ठेवतं, मग हर्ट्झ वाढवल्यावर सीओटू उतरतो. तक्त्यावर हे आलंच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या मशीनवर काम करून आलेली सिस्टर बरोबर उलटी कळ फिरवेल.

बायोमेड_सातपूर
कळा फिरवण्याआधी ट्यूब बघा. 2.5 मिमीच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबमध्ये चिकट स्राव अडकला की थरथर मंदावते, सीओटू चढतो, पण स्क्रीनवरचा अॅम्प्लिट्यूड तसाच राहतो, कारण दाब मोजला जातो तो ट्यूबच्या अलीकडे. आकडा बघून फसायला होतं. थरथर एकाच बाजूला दिसली तर ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुप्फुसाच्या नळीत) गेली असेल किंवा न्यूमोथोरॅक्स.

सक्शन क्लोज्डच, म्हणजे सर्किट न सोडता. सर्किट सुटलं की उघडलेलं फुप्फुस क्षणात मिटतं आणि एमएपीची सगळी चढण पुन्हा करावी लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत एसी चालू राहिला तर सर्किटमध्ये पाणी साचतं. नळीचा उतार बाळापासून लांब ठेवा.

बऱ्याच पिस्टनवाल्या मशीनला स्वतःची बॅटरी नसते, यूपीएस हवाच. बायस फ्लो (सर्किटमधून सतत वाहणारी हवा) मिनिटाला 20 लिटर आणि एफआयओटू 0.4 असेल तर मिनिटाला जवळपास 5 लिटर शुद्ध ऑक्सिजन लागतो, बाकी कॉम्प्रेस्ड एअर. कॉम्प्रेसरची हवा ओलसर असली की ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा भाग) बिघडतो, ड्रेन रोज उघडा.

सिस्टर_नाशिकरोड
धन्यवाद. आमच्या मोठ्या माणसांच्या आयसीयूवाल्यांनाही एआरडीएससाठी (फुप्फुसं तीव्रपणे निकामी होण्यासाठी) हेच हवंय. आणि ऑसिलेटरवरच्या बाळाला कसारा घाटातून मुंबईला न्यायची वेळ आली तर?

आयसीयू_कॉलेजरोड
मोठ्यांसाठी नको. 2013 मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या, ऑसिलेट आणि ऑस्कर. ऑसिलेटमध्ये हॉस्पिटलमधले मृत्यू 47 टक्के, साध्या व्हेंटिलेशनवर 35. ऑस्करमध्ये काहीच फरक नाही. शिवाय मोठ्यांना गाढ सिडेशन, बऱ्याचदा पॅरालिसिस लागतं आणि बीपीसाठी नॉरअॅड्रेनॅलिन वाढवत बसावं लागतं. आधी साध्या व्हेंटिलेटरवर 6 मिली प्रति किलोचा टायडल व्हॉल्यूम आणि पालथं झोपवणं नीट करा.

नवजात_डॉक्टर
घाटाबद्दल: हे मशीन अॅम्ब्युलन्समध्ये नेण्यासारखं नाही. निघण्याआधी वॉर्डातच बाळाला ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवर अर्धा तास ठेवून गॅस करा. टिकलं नाही तर गाडी निघत नाही. तिकडच्या टीमला फोन करून इथेच एमएपी आणि सर्फॅक्टंटचं ठरवा.