शहाद्यात दवाखान्यासाठी लेड-फ्री अ‍ॅप्रन कोणता घ्यावा? बजेट ५,०००

दंतवैद्य_शहादा
नमस्कार मंडळी. नवीन दवाखाना टाकतेय. एक्स-रे मशीन भिंतीवरचं, ७० केव्हीपी (किरणाचा जोर), तोंडात ठेवायचा डिजिटल आरव्हीजी सेन्सर. पेशंटला किरणांपासून झाकायला लेड-फ्री म्हणजे बिनशिशाचा अ‍ॅप्रन आणि गळ्याला थायरॉइड कॉलर हवाय. ५,००० च्या वर जमणार नाही. धडगाव, तळोद्याकडून गरोदर बाया आणि लहान पोरं येतात. शिशाचा जड अ‍ॅप्रन टाकला की पोरं खुर्चीतच रडायला लागतात. जवळपास कुठे मिळेल?

जळगावकर_ओपीजी
ताई, ५,००० त काही होत नाही. मी १२,००० चा घेतला, ०.५ मिमी शिशाच्या ताकदीचा, मागून-पुढून झाकणारा. माझ्याकडे ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा फोटो काढणारं मशीनसुद्धा आहे, त्यामुळे हलकं काही चालतच नाही. एकदाच घ्या, चांगला घ्या.

भुसावळ_टेक्निशियन
दाताला ०.५ कशाला? ०.२५ बस झाला. आणि ओपीजीत कॉलर बांधू नका, खालच्या जबड्यावर सावली येते, फिल्म वाया जाते. लेड-फ्री म्हणजे बिस्मथ, अँटिमनी, टंगस्टन असलं काही रबरात मिसळलेलं. लेबलवर नुसतं "०.२५ मिमी लेड इक्विव्हॅलंट" वाचू नका, ते किती केव्हीपीला मोजलंय ते बघा. प्रत्येक केव्हीपीला ही बरोबरी सारखी नसते. टेस्ट सर्टिफिकेट देत नसेल तर माल घेऊच नका.

चाळीसगाव_नाना
ताई, आठे कोठेच भेटाव नही. ऑनलाइनच घ्या. मशीन हातात धरायचं तर नाही ना घेतलं? तसल्यात डॉक्टर स्वतःच जवळ उभा असतो.

चोपडा_क्लिनिक
मीही तेच म्हणतो, ०.२५ पुरे. आमच्या कंपाउंडरने घडी घालून कपाटात कोंबला आणि मे महिन्यात घडीवरच चिरला. वरून कापड शाबूत, आत भेग. विकणाऱ्याने वॉरंटीला हात वर केले. हँगरवर टांगा आणि अधूनमधून अ‍ॅप्रनचाच एक्स-रे काढून बघा.

अमळनेरचा_पेशंट
मी डॉक्टर नाही. अक्कलदाढेचा फोटो काढताना मला काहीच घातलं नाही. विचारलं तर म्हणे "गरज नाही". हे बरोबर आहे का?

धुळे_एमडीएस
दादा, बरोबर असू शकतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितलं की पेशंटला अ‍ॅप्रन आणि कॉलर सरसकट घालणं बंद करा, गरोदर बाईलासुद्धा. एका दाताच्या डिजिटल फिल्मचा डोस काही मायक्रोसिव्हर्टचा (हे किरणांच्या डोसचं माप). निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. पोटापर्यंत जो थोडा किरण जातो तो शरीराच्या आतूनच विखरून जातो, वरचा अ‍ॅप्रन त्याला काय अडवणार? खरी बचत किरण आवळून धरणाऱ्या आयताकृती कॉलिमेटरने होते, मशीनच्या गोल नळीपेक्षा चेहऱ्याचा कितीतरी कमी भाग किरणात येतो. ताई, ५,००० तिकडे घाला.

जळगावकर_ओपीजी
अमेरिकेचं अमेरिकेत. उद्या एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) इन्स्पेक्शन आलं आणि अ‍ॅप्रन कुठाय विचारलं तर?

धुळे_एमडीएस
एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर मशीनची नोंदणी करायचीच, एक अ‍ॅप्रन दवाखान्यात ठेवायचाच. मी प्रत्येक पेशंटच्या अंगावर टाकण्याबद्दल बोलतोय. तुम्ही पूर्ण वाचा ना भाऊ.

भुसावळ_टेक्निशियन
कॉलिमेटर लावला आणि सेन्सर होल्डर नसला तर कोन चुकतो, फिल्म पुन्हा काढावी लागते. मग डोस दुप्पट. हे कोणी सांगत नाही.

दंतवैद्य_शहादा
सगळ्यांचे आभार. लहान मुलांच्या मापाचा लेड-फ्री अ‍ॅप्रन घेतला, कॉलर जोडलेला, ०.२५, सर्टिफिकेटसकट ४,६०० ला. मोठ्यांना रोज घालणार नाही, कोणी मागितला तर जुना शिशाचा आहेच. धुळ्याच्या सरांचं शास्त्र मला पटतं, कॉलिमेटर आणि होल्डर पुढच्या महिन्यात घेणार. पण दोन गाड्या बदलून आलेल्या आईला मायक्रोसिव्हर्ट समजावेपर्यंत ती पोराला फोटो न काढताच उठवून नेते आणि गळू तसंच राहतं. पोराच्या अंगावर हलकं काही टाकलं तर ती बसते. मला तो फोटो हवाय.

चोपडा_क्लिनिक
सप्लायर कुठला? मेसेज करा, मलाही एक हवाय. आणि घडी घालू देऊ नका कोणाला.