मदत हवी आहे: दोन डर्ट बाईक न्यायला जुनी व्हॅन कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी. डिचोलीहून चोर्ला घाटाने बेळगावकडे दोन हिरो एक्सपल्स बाईक न्यायला सेकंडहँड गाडी बघतोय. मारुती ईको व्हॅन आखूड पडते, बाईक दोन मीटरहून लांब. टाटा विंगर की बोलेरो पिकअप, इथे गाडं अडलंय. आपल्या पावसात उघडी पिकअप नकोशी वाटते, पण घाटात भरवसा तिचाच.

म्हापशात एक विंगर पाहिली. चासीला ताजा काळा रंग, आतली रबरी मॅट उचलली तर गंजाचे पापुद्रे हातात! मालक वर म्हणतो, "इंजिन बघ रे, पत्रा काय बघतोस!"

विंगरवाल्यांनो, क्लच, टर्बो सोडून काय तपासू? पिवळ्या पाटीची गाडी खासगी करायला आरटीओत फार खेटे पडतात का? फोंड्याकडे चासी खालून नीट बघून देणारा मेकॅनिक आहे का कोणी?