शॅमेलिऑनचा पुढचा पाय वाकडा दिसायलाय. मार म्हणायचा की हाडं मऊ झाल्यात?

टिळकवाडी_०६
व्हेल्ड जातीचा (परदेशी, रंग बदलणारा सरडा) नर, वय सहा महिने, वजन ५८ ग्रॅम. पंधरा दिवसांपासून पुढचा डावा पाय कोपर आणि मनगटाच्या मधे कमानीसारखा वाकायलाय, उजवाही जरासा. चालताना पोट फांदीला घासतंय. जीभ मारतोय, पण तीनातले दोन किडे चुकतात. रोज सात-आठ रातकिडे, वर कॅल्शियम पावडर. पिंजरा खिडकीच्या काचेपाशी, वर साधा एलईडी. पडल्याचं कुणी बघितलेलं नाही. कॅल्शियम चालू असताना हाडं कशी मऊ होतील?

निपाणीकर
मार लागला तर बहुधा एकच पाय जातो. इथं दोन्ही पुढचे पाय कमी-जास्त वाकलेत, म्हणजे हाडांचा चुना (कॅल्शियम) कमी पडलाय. कोपराखाली दुसरं कोपर फुटल्यासारखं दिसतं, तीच याची खूण.

पावडर पोटात गेली तरी डी३ जीवनसत्त्व नसेल तर आतड्यातून ती रक्तात जात नाही. डी३ तयार व्हायला कातडीवर यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण पडावे लागतात आणि खिडकीची काच ते जवळपास सगळे अडवते. एलईडीत ते नसतातच. रक्तात कॅल्शियम घटलं की मानेतल्या ग्रंथी ते हाडांतून उपसायला लागतात. प्राणी वाढीचा असल्यामुळे हाड लगेच मऊ पडतं आणि अंगाच्या भारानं वाकतं.

आज करायचं ते हे. यूव्हीबीची २४ वॅटची टी५ एचओ (बारीक, जास्त ताकदीची) सरळ नळी घ्या, ६ टक्के किंवा ५.० लिहिलेली. ती जाळीच्या वर ठेवा आणि वरची फांदी अशी बांधा की पाठ नळीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर येईल. मधे काच किंवा प्लास्टिक नको. दिवसाला १२ तास. नळी उजेड देत राहते, पण यूव्हीबी आधीच उतरतो, म्हणून वर्षाच्या आत बदला. पिळाचा छोटा सीएफएल घेऊ नका, त्याच्या किरणांचा पट्टा फार अरुंद.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, त्यामुळे बाल्कनीतल्या उन्हावर हिशेब मांडू नका. शिवाय पावसाळ्यात खोलीत गारठा असतो आणि अंग थंड असलं की पचनही मंदावतं, कातडीत डी३ तयार व्हायचं कामही. वरच्या फांदीवर २८-२९ अंश मिळेल असा तापायचा बल्ब हवा.

खानापूर_रानवाट
वाक ही उशिराची खूण. त्याच्या आधी पकड जाते, तिकडे बघा. पुढच्या पायात आतली तीन बोटं एकत्र आणि बाहेरची दोन एकत्र असतात, मागच्यात उलट. चांगल्या पायाचा चिमटा फांदीवर पुरता मिटतो. मऊ हाडाच्या पायाचा अर्धा उघडाच राहतो, फांदी निसटते आणि मग तो स्वतःचाच मागचा पाय धरून बसतो. दिवसा तळाशी बसलेला दिसला, खालचा जबडा रबरासारखा वाटला, पाय थरथरले, तर थांबू नका.

त्याला फांदीवरून ओढून काढायचं नाही. मऊ हाड तिथंच मोडतं. बोट पुढं धरा आणि त्याला स्वतः चढू द्या. फांद्या आडव्या, बोटांची टोकं जवळजवळ मिळतील इतक्या जाडीच्या, जमिनीपासून ३०-४० सेंटीमीटरच्या आत. खाली जुना टॉवेल.

आणि कुणी पानाचा चुना चाटवायला सांगेल. तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो, हातसुद्धा लावायचा नाही. पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेस बारीक कुटून चाळला तर तो चालतो.

टिळकवाडी_०६
मग डी३ असलेली पावडर रोज लावू का? आणि पाय सरळ होईल?

चिकोडी_पशुवैद्यक
रोज नको. डी३ अंगात साठतो आणि जास्त झाला की मूत्रपिंडात चुना बसतो. डी३ आणि फॉस्फरस नसलेली साधी पावडर वाढीच्या काळात रोज, डी३वाली महिन्यातून दोनदा, अ जीवनसत्त्वासह मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा. लहान मुलांचे डी३चे थेंब अंदाजानं पाजू नका.

रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट जास्त असतो. म्हणून किडे बरणीत चिमूटभर पावडर टाकून हलवा, अंग पिठी लागल्यासारखं दिसलं की बास. लगेच खायला सोडा. पाच-दहा मिनिटांत किडे ती चाटून पुसतात. त्यांना आदला दिवसभर शेवग्याचा पाला, कढीपत्ता खायला घाला. पालक आणि अळू नको, त्यातलं ऑक्झॅलेट चुना बांधून ठेवतं. शेतातले नाकतोडेही टाळा. तंबाखू-ऊसाच्या पट्ट्यात फवारणी किती होते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

वाकलेलं हाड वाकडंच राहतं, पण त्याच अवस्थेत घट्ट होतं आणि असे प्राणी नीट जगतात. पाठीकडून आणि बाजूनं असे दोन एक्स-रे काढून घ्या. गावातल्या दवाखान्यात सरपटणाऱ्यांचा अनुभव नसेल तर तीच फिल्म बेंगळूर किंवा पुण्याच्या जाणकाराला दाखवता येते. हाडातला बराच चुना गेल्यावरच तो एक्स-रेत दिसतो, म्हणून फिल्म ठीक आली तरी खूण सोडू नका. अंग थरथरत असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन लागतं, ते घरी नव्हे. नसेल तर तोंडानं द्यायचं औषध वजनावर ठरतं, तेव्हा वजन रोज एकाच वेळी मोजून लिहा.

निपाणीकर
एकच सांधा फुगून गरम लागला तर गळू किंवा संसर्ग. सांध्यात पांढुरक्या गाठी असल्या तर यूरिक आम्ल, पाणी कमी पडतंय का बघा. बोटाभोवती जुन्या कातीचं कडं आवळलेलं असलं तरी पाय लंगडतो. दर रविवारी समोरून, त्याच फांदीवर, दोन्ही पुढचे पाय दिसतील असा फोटो काढत चला.

खानापूर_रानवाट
वाचणाऱ्यांपैकी कुणी रानातला हिरवा शॅमेलिऑन पकडून आणला असेल तर वरचं काही करत बसू नका. तो १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, पाळता येत नाही. पाय वाकलेला असो की धड, वनखात्याच्या हवाली करा. व्हेल्ड परदेशी असला तरी त्याची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

टिळकवाडी_०६
नळी मागवली. तोवर पिंजरा काचेपासून हलवून वरच्या फांद्या काढून खाली बांधल्यात. एक्स-रे उद्या.

चिकोडी_पशुवैद्यक
नेताना अंधाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक आडवी काठी घट्ट बसवा, नाहीतर खड्ड्यात आपटून दुसरा पाय मोडेल.