चढाईचा आकडा आणि झाडांचे शेंडे

नकाशावर एकूण चढाई १६०० मीटर दिसते म्हणून सायकलने जंगलातला रस्ता सोडून हायवेने जा, असा सल्ला कुणीतरी दिला होता; तो मला अजिबात पटला नाही. बऱ्याच मोफत नकाशांमधली उंची २००० साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवरून घेतलेली असते. दाट झाडीत ते रडार जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, पानाफांद्यांचीच उंची बरीचशी धरतं. त्यामुळे डोंगराच्या कडेकडेने जवळपास सपाट जाणारा रस्ताही करवतीच्या दातांसारखा वरखाली दिसतो, आणि प्रत्येक दात बेरजेत जातो. असाच एक रस्ता मी केला तेव्हा हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या सायकल कॉम्प्युटरने जेमतेम ११०० दाखवले. पायांनाही तेवढेच जाणवले.

जपायचं ते उतारावर. सावलीतली वळणं पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ओली राहतात. एकदा कुजक्या पानांच्या थरावर मागचं चाक सरकन घसरलं, ब्रेक वळणात दाबला होता म्हणून. वेग वळणाआधीच, सायकल सरळ असताना कमी करा. पण त्या शांततेसाठी हा रस्ता कराच!