ट्रॅव्हल ट्रेलरवर टीव्हीची डिश कशी आणि कुठे बसवावी? सल्ला हवा आहे (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरकडून आम्ही नुकताच दोन चाकांचा ट्रॅव्हल ट्रेलर बांधून घेतला आहे. खालचा सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपांचा आहे. भिंती आणि छत एफआरपीचे आहेत, म्हणजे आतून-बाहेरून फायबरचा पातळ थर आणि मध्ये पफ (उष्णता रोखणारा फोम). गाडीमागे जोडून भंडारदरा, सापुतारा आणि सुटी मोठी असेल तेव्हा कोकणात किंवा थेट गोव्यापर्यंत जाण्याचा विचार आहे. आई-वडील बरोबर असतात. दिवसभर त्यांचा उत्साह आमच्यापेक्षा जास्त असतो, परंतु संध्याकाळी सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या पाहिल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नाही. मोबाइलवर पाहणे त्यांना पसंत नाही आणि घाटातल्या मुक्कामांवर नेटवर्कचा भरवसाही नसतो.

छतावर चार स्क्रू मारून घरासारखीच डिश कायमची बसवून देतो, असे फॅब्रिकेटरचे म्हणणे आहे. नव्या छताला भोके पाडण्याची मला धास्ती वाटते. डिश छतावरच असावी का, कनेक्शन कोणते घ्यावे आणि प्रत्येक नव्या जागी दिशा कशी जुळवावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटमाथा

छतावर स्क्रू मारू देऊ नका. पफ पॅनेलच्या वरच्या पातळ थरात स्क्रूला धरायला काहीच नसते. रस्त्याच्या हादऱ्यांनी भोक हळूहळू मोठे होते, पावसाचे पाणी पफमध्ये उतरते आणि ते बाहेरून दिसतही नाही. आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात जो पाऊस पडतो, त्यात अशा छताची काय अवस्था होईल याची कल्पना आपण करू शकता.

संकेतवाही

काही वर्षे डीटीएच जोडणीचे काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम कनेक्शन. आपल्या गरजेला डीडी फ्री डिश पुरेशी आहे. दूरदर्शनने ही सेवा २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू केली. तिला मासिक शुल्क नाही, त्यामुळे ट्रेलर चार महिने उभा राहिला तरी रिचार्जचा प्रश्न येत नाही. सेट टॉप बॉक्स एमपीईजी-४ ला (चित्र दाबून पाठवण्याच्या नव्या पद्धतीला) चालणारा घ्यावा, म्हणजे सगळ्या मोफत वाहिन्या दिसतील. खासगी सेवाच हवी असेल, तर घराच्या पत्त्यावरचा बॉक्स प्रवासात वापरण्याबद्दल त्या कंपनीला आधी विचारून घ्यावे.

आता दिशा. हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्याकडच्या डीटीएच सेवांचे उपग्रह आपल्या रेखांशाच्या पूर्वेला असल्यामुळे इथे प्रत्येक डिशचे तोंड दक्षिण आणि पूर्व यांच्या मध्ये कुठेतरी असते. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. नाशिकहून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास सुमारे १३४ अंश येते, म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय, आणि क्षितिजापासूनची उंची सुमारे ५८ अंश. (वास्तुशास्त्रवाल्यांनी आग्नेय कोपरा स्वयंपाकघराला दिला आहे, आपण तो टीव्हीला द्यावा.) टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर असल्यामुळे त्यासाठी दिशा साधारण १५५ आणि उंची ६४ अंश लागते. एअरटेलचा १०८.२ अंशांवर आहे, त्यासाठी दिशा ११६ आणि उंची ४५ अंश. शेजारच्या घरावरची डिश पाहून दिशा ठरवताना ती कोणत्या सेवेची आहे हे म्हणूनच आधी पाहावे. ही युक्ती मात्र उत्तम आहे. कोणत्याही गावात मुक्कामाला पोहोचल्यावर आधी आजूबाजूच्या छपरांकडे पाहावे, निम्मे काम तिथेच होते.

डिश किती वर केली आहे, याबाबत डोळ्यांवर विसंबू नये. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे एलएनबी (उपग्रहाचा संकेत पकडणारा डिशपुढचा छोटा डबा) मध्यभागी नसून खालच्या बाजूने पुढे आलेल्या दांड्यावर असतो. त्यामुळे डिश प्रत्यक्षात ५८ अंशांकडे पाहत असताना बघणाऱ्याला ती फार तर ३५ अंश वर केल्यासारखी दिसते. क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतात, त्या प्रमाण मानाव्यात. मात्र खांब ओळंब्यात उभा असेल तरच त्या खुणांना अर्थ उरतो.

तिसरे माप बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे एलएनबीचा स्वतःभोवतीचा कल. जीसॅट-१५ वरचे प्रसारण आडव्या आणि उभ्या ध्रुवणात (म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दिशेत) येते आणि नाशिकहून तो उपग्रह तिरका दिसत असल्यामुळे एलएनबी सुमारे ४३ अंश फिरवावा लागतो. तो सरळ ठेवला, तर काही वाहिन्या दिसतात आणि काही दिसत नाहीत, आणि मग दोष विनाकारण बॉक्सला दिला जातो.

गोदाकाठ

संकेतवाही, मनःपूर्वक आभार. दोन शंका आहेत. गोव्याला गेल्यावर हे आकडे किती बदलतात? आणि छतावर नाही, तर मग डिश नेमकी उभी कशावर करावी?

संकेतवाही

फ्री डिशसाठी गोव्यात दिशा सुमारे १२७ आणि उंची ६१ अंश लागेल, म्हणजे दिशेत सात अंशांचा आणि उंचीत तीन अंशांचा फरक. गणपतीपुळ्याला दिशा १२९ आणि उंची ५९ च्या आसपास येते. भंडारदरा किंवा सापुताऱ्यासाठी नाशिकचेच आकडे चालतील, कारण ६० सेंटिमीटरच्या डिशला उपग्रहापासून साधारण एक-सव्वा अंश इकडेतिकडे झालेले खपते. मोठी डिश घेतली तर पावसात चित्र जास्त वेळ टिकते हे खरे असले, तरी तिची नजर तितकीच अरुंद होते आणि नेम धरणे अवघड जाते. रोज जागा बदलणाऱ्या माणसाने ६० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे.

डिश उभी करण्यासाठी दोन चांगले मार्ग आहेत. पहिला म्हणजे जमिनीवरची तिपाई. दुसरा म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याला, छताला किंवा भिंतीला नव्हे, वेल्ड केलेली उभी नळी, जिच्यात मुक्कामी पोहोचल्यावर डिशचा पाइप उतरवून बोल्टने आवळायचा आणि निघताना काढून आत ठेवायचा. माझा कल दुसऱ्याकडे आहे. सातपूर किंवा अंबडला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. डिशचा क्लॅम्प बरोबर घेऊन जावा आणि त्यात घट्ट बसेल त्याच मापाचा पाइप निवडावा. नळीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोक ठेवावे. वेल्डिंग झाल्यावर रेड ऑक्साइड आणि रंग देण्यास विसरू नये.

मुक्कामपोस्ट

मी थोडे वेगळे मत मांडतो. पर्यटक-निवासांच्या वाहनतळावर, उदाहरणार्थ गंगापूर धरणाजवळ, जमिनीवर तिपाई मांडली की मुले धावताना केबलमध्ये अडकतात, कुत्री येतात आणि रात्री डिशची काळजी वाटते ती वेगळीच. छतावर डिश असली की हा त्रास नाही, शिवाय उंचीचा फायदा मिळतो. भोके न पाडता ॲल्युमिनियमची पट्टी पॉलियुरेथेन सीलंटने छताला चिकटवून तिच्यावर डिश बसवता येते. सिलिकॉन मात्र वापरू नये, कारण एकदा त्याचा थर बसला की पुढे त्यावर दुसरे कोणतेही सीलंट धरत नाही.

संकेतवाही

मुले आणि केबल हा मुद्दा मान्य. उंचीचा फायदा मात्र मला पटत नाही. उपग्रह ५८ अंश वर असताना डिशपेक्षा दहा मीटर उंच असलेले झाड साडेसहा मीटरहून लांब असले की ते आड येत नाही. ब्रह्मगिरी किंवा अंजनेरीच्या पायथ्याला उभे राहिलात तरी डोंगर सहसा अडवत नाही, अडवतो तो आपण सावलीसाठी निवडलेला आंबा. छतावरची डिश ट्रेलरबरोबर त्याच आंब्याखाली अडकून राहते, तिपाई मात्र पाच पावले उन्हात सरकवता येते. एअरटेलवाल्यांना ४५ अंशांवर पाहावे लागत असल्यामुळे झाडांचा त्रास त्यांना अधिक होतो.

छताच्या विरोधातला माझा मुख्य मुद्दा वाऱ्याचा आहे. ६० सेंटिमीटरच्या उभ्या डिशवर ताशी ८० किलोमीटर वेगाला साधारण १० ते १२ किलोंचा दाब येतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १०० च्या वेगाला तो दीडपट होतो. हा दाब स्थिर नसतो. मुंबई-आग्रा महामार्गावर शेजारून कंटेनर गेला की झटका बसतो आणि खड्ड्यांचे हादरे त्यात मिसळतात. चिकटवलेल्या पट्टीखाली पातळ फायबरचा थरच असल्यामुळे सीलंट टिकले, तरी तो थर पफपासून सुटू शकतो. छतावरच बसवायची असेल, तर पॅनेल बनवतानाच आत प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमची प्लेट घालून घ्यावी लागते. गोदाकाठ यांचा ट्रेलर बनून तयार आहे, त्यामुळे ती वेळ निघून गेली.

घाटमाथा

शिवाय कायमची उंची वाढली की पेट्रोल पंपाचे छप्पर, खाली आलेल्या फांद्या आणि गावातल्या लोंबत्या तारा हे सगळे लक्षात ठेवावे लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांबाबत आहे. नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा कायमचा बदल करण्यापूर्वी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. काढता येणाऱ्या डिशला ही कटकट नाही.

द्राक्षबाग

अमेरिकेत असलेला माझा भाऊ ट्रेलरच्या छतावर ठेवायची घुमटाकार स्वयंचलित डिश पाठवू शकतो. बटण दाबले की ती स्वतःच उपग्रह शोधते म्हणतात. तिचा इथे उपयोग होईल का?

संकेतवाही

होणार नाही. त्या डिश तिकडच्या ठरावीक उपग्रहांसाठीच बनवलेल्या असतात. त्यांचे एलएनबी वर्तुळाकार ध्रुवणाचे आणि १२.२ ते १२.७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे असतात. आपल्याला ९७५० आणि १०६०० आकड्यांचा युनिव्हर्सल एलएनबी लागतो. भावाला दुसरे काहीतरी आणायला सांगा.

द्राक्षबाग

धन्यवाद, पैसे वाचले. निफाडकडच्या काळ्या मातीचा एक अनुभव जोडतो. पाऊस झाल्यावर अशा जमिनीत ट्रेलरचे पुढचे छोटे चाक रात्रीतून खचते. चाकांपासून साडेतीन मीटर पुढे असलेले टोक सहा सेंटिमीटर खाली गेले, तर सगळा ट्रेलर एक अंश कलतो आणि त्याला जोडलेली डिशही कलते. पुढच्या चाकाखाली आणि जॅकखाली फळीचे तुकडे ठेवल्याशिवाय दिशा जुळवायला बसू नये. चारही जॅक टेकवलेले नसतील, तर आत कोणी चालले तरी चित्र थरथरते.

गोदाकाठ

चर्चेतून चित्र बरेच स्पष्ट झाले. सांगाड्याला नळी वेल्ड करून घ्यायचे ठरवतो आहे, आणि झाडाखाली मुक्काम असेल तेव्हासाठी एक हलकी तिपाईही बरोबर ठेवीन. आता केबल आत कशी न्यावी आणि बॉक्स कशावर चालवावा, एवढे सांगावे. ट्रेलरमध्ये १२ व्होल्टची बॅटरी आहे.

संकेतवाही

केबल आरजी-६ घ्यावी. दहा-पंधरा मीटर लांबीने चित्रात फरक पडत नाही. खिडकीच्या फटीतून केबल ओढण्यापेक्षा बाजूच्या भिंतीत झाकणाचे एफ सॉकेट बसवावे. भिंतीला एक भोक पडेल, परंतु ते उभ्या पृष्ठभागावर असल्यामुळे तिथे पाणी साचत नाही आणि सीलंट नीट टिकते. बाहेरून येणारी केबल सॉकेटच्या खाली वळसा घेऊन वर यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी खालच्या खाली टपकेल. वळिवाच्या दिवसांत विजा सुरू झाल्या की केबल सॉकेटमधून काढून ठेवावी.

बॉक्सच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेले असेल, तर तो बॅटरीवर चालतो. मात्र थेट जोडू नये, कारण चार्जिंग चालू असताना बॅटरीचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा डीसी कन्व्हर्टर घालावा. एलएनबीला लागणारे १३ आणि १८ व्होल्ट बॉक्स स्वतः तयार करून केबलमधून पाठवतो, त्यासाठी वेगळी तार लागत नाही.

जुळवताना बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नल स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन आकडे दिसतात. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल, तर बहुधा आपण शेजारच्या दुसऱ्याच उपग्रहाकडे पाहत आहोत. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे जीसॅट-१५ पासून अवघा दीड अंश दूर आहे. उंची ठरवून कायम ठेवावी, डिश अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावी आणि प्रत्येक हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबावे. बॉक्सला आकडा दाखवायला तेवढा वेळ लागतो. मोबाइलमधले होकायंत्र ट्रेलरपासून आठ-दहा पावले दूर जाऊन वापरावे, लोखंडाजवळ ते भलतीच दिशा दाखवते.

मुक्कामपोस्ट

एक विचारतो. नळी पुढच्या ड्रॉबारवर (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर) वेल्ड करणार की मागे?

गोदाकाठ

ड्रॉबारवर, असा विचार होता. तिथे हात सहज पोहोचतो आणि आत पाहताही येते.

मुक्कामपोस्ट

मग वेल्डिंगच्या आधी गाडी जोडून रिकाम्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. रिव्हर्स घेताना गाडीचा मागचा कोपरा ड्रॉबारच्या फार जवळ येतो आणि मागचा दरवाजा वर उघडणारा असेल, तर त्यालाही जागा लागते. नळी वळणात आड येत असल्यास ती मागच्या बंपरच्या डाव्या टोकाला घ्यावी. दिवे आणि नंबर प्लेट तिच्यामुळे झाकली जाणार नाही, एवढे पाहावे.