घर साफ ठेवताना काय जमलं, काय फसलं, कुणाला बोलवावं लागलं: अनुभव धागा

कढीपत्ता

दिवाळीला अजून महिना आहे पण सासूबाई आधीच येतायत म्हणून मी जरा लवकर कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी ओटा घालवून बसले. घर पुण्यात, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ओटा काळ्या कडप्प्याचा. नळाला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता, तो काढायला रीलमध्ये बघितलं तसं टिश्यू व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला रात्रभर गुंडाळून ठेवला. नळ चकाचक झाला, खोटं का बोलू. पण त्या टिश्यूतून रात्रभर थेंब थेंब गळत राहिलं आणि सकाळी बघते तर ओट्यावर पंजाएवढा पांढुरका खरखरीत डाग. साबण लावून झाला, भांड्याची घासणी झाली, खोबरेल चोळून झालं. खोबरेलाने अर्धा तास दिसत नाही, मग परत आहेच.

म्हटलं एकटीने रडण्यापेक्षा धागा काढावा. घरगुती उपायांनी खरंच काय निघालं, कशाची वाट लागली, कुठल्या कामाला सरळ पैसे देऊन माणसं बोलावली आणि ते पैसे वसूल झाले का, सगळं लिहा. फक्त ऐकीव नको, स्वतः केलेलं लिहा. आणि माझ्या ओट्याचं काही होईल का तेही सांगा. सासूबाई ११ दिवसांनी येतायत.

तांब्याभांडं

ताई, तो डाग नाहीये, दगड खाल्ला गेलाय. कडप्पा, शहाबादी, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड, संगमरवर पण त्याच कुळातला. नळावरचा थर म्हणजे पण पाण्यातल्या चुन्याचेच क्षार. आता व्हिनेगरला काय कळणार यातला कुठला चुना तुम्हाला नकोय आणि कुठला हवाय, त्याने दोन्ही विरघळवले. ग्रॅनाइट असता तर सहसा एवढं होत नाही. मी नाशिकला शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो, रिटायर झालो पण खोड जात नाही म्हणून अजून एक सांगतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढतात ना सगळे, तो फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. आम्लाने अल्कली मारली, अल्कलीने आम्ल मारलं, हातात राहिलं खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. क्षाराला व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व, ओशटपणाला सोडा. आमच्या सौ. अजूनही एकत्रच करतात, म्हणतात फेस आला की काम झाल्यासारखं वाटतं.

पागोळी

रत्नागिरीत राहतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे धूळ हा विषयच नाही, बुरशी हा विषय आहे. चामड्याच्या चपला, बेल्ट, पेटीतले शालू, पुस्तकं, एकदा तर सासऱ्यांच्या फोटोच्या काचेच्या आतून हिरवी पोपडी. उपाय सगळे करून झाले. कापूर, कडुनिंबाचा पाला, लवंगा, खडूचे तुकडे पुरचुंडीत बांधून. वास छान येतो, बुरशी तिच्या जागी. पूर्वी सुतार कपाटातच ४० वॅटचा बल्ब बसवून द्यायचे, त्याच्या उबेने कपडे कोरडे राहायचे. मग सगळीकडे एलईडी आले आणि कपाटात नुसता उजेड पडायला लागला, ऊब गेली. आता बाजारात ओल शोषणारी पाकिटं मिळतात, कॅल्शियम क्लोराइडची, त्यांच्या खालच्या पिशवीत पंधरा दिवसांत वाटीभर पाणी जमतं ते बघून पटलं की यात काहीतरी दम आहे. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका मात्र.

पण खरं सांगायचं तर आमची बुरशी कपाटात नव्हतीच, भिंतीत होती. तीन वर्षं लागोपाठ पेंटर बोलावला, दर वेळी खरवडून, बुरशीवरचं औषध लावून, नवा रंग मारून गेला आणि दर वेळी जुलैत तेच काळे ठिपके. शेवटी आई म्हणाली अरे तुझे आजोबा मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या पानांची विणलेली झापं बांधायचे ते उगाच का. खरंच की! घर दुरुस्त केलं तेव्हा झापं "जुनाट दिसतात" म्हणून आम्हीच बंद केली होती. वारा पश्चिमेचा, झड थेट भिंतीवर. मग बाहेरून पत्रा मारून घेतला. दोन पावसाळे झाले, आतल्या रंगाला काही झालेलं नाही. पेंटरचे तीन वर्षांचे पैसे गेले ते गेलेच.

मीठमोहरी

किचनच्या चिमणीच्या जाळ्यांबद्दल कुणी लिहायच्या आत मी लिहिते. धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी, चिकटा लोण्यासारखा निघतो. पण जाळी स्टीलची असेल तरच!! माझी अॅल्युमिनियमची होती, काळीठिक्कर पडली. मैत्रिणीने हेच केलं तिची लखलखीत झाली. सोडा तोच, जाळी वेगळी.

तांब्याभांडं

बरोबर. अॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा चालत नाही. भांड्याचा साबण आणि गरम पाणी, वेळ जास्त लागतो.

ठाणेकर_चौथा_मजला

आम्ही दोघं नोकरीवाले, दोन मुलं, गेल्या दिवाळीआधी पहिल्यांदा डीप क्लीनिंगवाल्यांना बोलावलं. २ बीएचके, सामानासकट, साडेपाच हजार ठरले. सकाळी ९ ची वेळ, आले साडेदहाला, चार मुलं, बरोबर व्हॅक्यूम, घासायचं मशीन, वाफेचं यंत्र, बादल्या मात्र आमच्याच. पहिला प्रश्न, "मॅडम किचन रिकामं नाही केलं?" कुणी सांगितलंच नव्हतं की डबे, भांडी, ट्रॉल्या सगळं आपण काढून ठेवायचं. मग काय, ऑफिसची सुट्टी टाकलेली मी आणि नवरा दोन तास डबे उतरवतोय आणि ती मुलं बाल्कनीत गप्पा मारतायत. आपणच पैसे दिले आणि आपणच राबतोय. (त्यांची चूक नाही तशी, बुकिंग घेणाऱ्याची आहे.)

काय भारी झालं ते सांगते. टाइल्सच्या फटी, खिडक्यांचे स्लायडिंगचे खाचे, एक्झॉस्ट पंखा, बाथरूमचे कोपरे. आठ वर्षांत आमच्या टाइल्स मुळात पांढऱ्या आहेत हे मी विसरले होते. काय वाईट झालं, तर टीव्हीच्या काचेवर तोच ओला फडका जो मिनिटापूर्वी ग्रिलवर फिरला होता, बारीक ओरखडे अजून दिसतात. आणि आरशावरचे रंगाचे थेंब एकाने ब्लेडने खरवडले, सोबत आरशाची कड गेली. तक्रार केली तर म्हणे काम संपल्यावर सही केली ना तुम्ही. सही संध्याकाळी सात वाजता, मुलं भुकेली, दिवे लावलेले, कोण बघतंय आरशाच्या कडा.

यंदा परत बोलावणारे, पण फक्त किचन आणि दोन बाथरूम. टीव्ही, काच, देवघर आपलं आपण. डबे आदल्या रात्री उतरवणार. आणि सही दिवसाउजेडी.

शेंडीचा_नारळ

देवघराची पितळी भांडी आम्ही अजून चिंच मीठ आणि नारळाची शेंडी. एकदा पितांबरी, एकदा चिंच असं आलटून पालटून. घासून झालं की लगेच कोरडी करायची, तशीच ओली ठेवली की संध्याकाळपर्यंत डाग. बाकी काही नाही.

निळी_छत्री

लिहू की नको करत होते. माझा अनुभव चांगला नाहीये.

डोंबिवलीला राहते, आमच्याकडे ९ वर्षं एकच मावशी. गेल्या वर्षी घरी पाहुणे येणार होते, बाथरूम पिवळं पडलेलं, मी दुकानातून टॉयलेट साफ करायची अॅसिडची बाटली आणली, घरात ब्लीचिंग पावडर होतीच. मावशींना म्हटलं दोन्ही टाका म्हणजे एकदम निघेल. हे मी म्हटलं, त्यांनी नाही. त्यांनी दार लोटून घेतलं कारण हॉलमध्ये सासरे बसले होते, पाण्याचा आवाज नको. पाचेक मिनिटांनी खोकल्याचा आवाज, तो थांबेचना, मी दार उघडलं तर डोळ्यातून पाणी, तोंडाला पदर लावून भिंतीला धरून उभ्या, आणि तो वास. स्विमिंग पूलचा वास कितीतरी पट केला तर कसा येईल तसा. त्यांना ओढून बाहेर आणलं, खिडक्या उघडल्या, खालच्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलला, ऑक्सिजन लावला, एक रात्र ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं क्लोरीन वायू झाला, अजून दहा मिनिटं आत राहिल्या असत्या तर सांगता आलं नसतं.

बाटलीवर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं होतं, दुसऱ्या कशात मिसळू नका. मावशींना इंग्रजी येत नाही. मला येतं, मी वाचलं नाही.

खर्च सगळा आम्ही केला, महिनाभराची भरपगारी सुट्टी दिली, त्या परत आल्या. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "वहिनी, मी बाहेर जाऊन सांगितलं फिनेल होतं म्हणून." म्हणजे मला कुणी बोलू नये म्हणून. आता घरात अॅसिड नाही. ब्लीच आहे, ते एकटंच वापरतो, दार उघडं ठेवून. हातमोजे आणलेत, त्या घालत नाहीत, म्हणतात बादली धरवत नाही.

कढीपत्ता

बाई गं. बरं झालं लिहिलंस. मी आत्ता उठून सिंकखालच्या बाटल्या वेगळ्या केल्या.

खिडकीतली_तुळस

निळी_छत्री, मावशींची नोंदणी केली नसेल तर करून द्या. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे, आमच्या ताईंची नोंदणी माझ्या मुलीने कागदपत्रं जमवून करून दिली. त्यांना फेऱ्या मारायला वेळ कुठून मिळणार, चार घरची कामं असतात, आपण अर्धा दिवस काढला तर होतं. आणि धाग्यात "बाई न सांगता सुट्टी घेते" हा विषय येणारच आहे म्हणून आधीच लिहिते, आमच्याकडे महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या ठरवून दिल्यापासून न सांगता घेतलेली सुट्टी जवळपास बंद झाली.

झुरळ_शत्रू

वातावरण जरा हलकं करतो. झुरळं. बोरिक पावडर, कणीक, साखर यांच्या गोळ्या करून सगळ्या फटीत ठेवल्या. झुरळं कमी झाली, मुंग्या वाढल्या (साखर!). मग पेस्ट कंट्रोलवाला बोलावला, त्याने जेलचे मोहरीएवढे ठिपके कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी लावले, ना वास ना भांडी काढायची भानगड. दुसऱ्या दिवशी एक झुरळ भर दिवसा झिंगत बाहेर आलं आणि आमच्या मातोश्रींनी अख्खा स्प्रे मारला सगळ्या ओट्याखाली. तिथेच मुसळ केरात. जेल झुरळांनी येऊन खायचं असतं, स्प्रेच्या वासाने ती त्या बाजूला फिरकतच नाहीत. पैसे परत भरले. या वेळी स्प्रे माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे.

कौलारू

फोंडा, गोवा. दाराच्या चौकटीला वाळवी. पाच वर्षं रॉकेल लावलं, ती पलीकडच्या चौकटीतून निघायची. शेवटी माणसं बोलावून भिंतीच्या कडेने फुटाफुटावर फरशीला भोकं पाडून औषध आत सोडलं. वाळवी जमिनीतून येते, लाकडाला काय कितीही लावा. हे काम घरी करू नका.

स्नो_आणि_सोलकढी

न्यू जर्सीहून. इथे दर दोन आठवड्यांनी क्लीनिंगवाल्या दोघीजणी येतात, दोन तासांत घर लख्ख, दर वेळी १५० डॉलर. आणि त्या यायच्या आदल्या रात्री आम्ही घर आवरतो. नवरा विचारतो मग त्यांना कशाला बोलवायचं. त्यांनी आपल्याबद्दल काय म्हणावं हा प्रश्न आहे ना! मागच्या महिन्यात पांढऱ्या काउंटरवर हळदीचा डाग पडला, त्यातल्या एकीने सगळी औषधं मारली, मला म्हणाली सॉरी. मी तिला म्हटलं खिडकीचा पडदा उघडा ठेव फक्त. ऊन तिथे थेट येतं, चार दिवसांत डाग फिका होऊन गेला. आजी दुपट्यांवरची हळद अशीच उन्हात घालवायची. क्लीनिंगवालीने फोटो काढून नेला.

एकटा_जीव

केर काढणारा रोबोट घेतला. उंबरठा चढत नाही. लक्ष्मीपूजनाला शेजारच्या काकूंची रांगोळी दोन्ही घरांच्या दारात होती, माझं दार उघडं राहिलं. पुढचं विचारू नका. त्याच दिवशी लोक केरसुणीची पूजा करतात, माझीवाली रांगोळी खाऊन चार्जिंगला लागली.

कढीपत्ता

अपडेट. फरशी पॉलिशवाला मिळाला, एवढ्याशा कामाला कुणी यायला तयार नव्हतं, शेवटी खालच्या मजल्यावर काम चालू होतं तिथलाच माणूस वर आणला. हाताच्या मशीनने आधी जाड मग बारीक पॉलिश पेपर फिरवत गेला, सगळ्या ओट्यावर पांढरा चिखल, तासाभराने पुसलं तर काळाभोर. आता उलटा प्रॉब्लेम, तेवढा भाग बाकीच्या ओट्यापेक्षा जास्त चमकतोय. म्हटलं बाकीचा पण करा, तो म्हणाला होईल, पण उद्या. सासूबाई उद्याच येतायत.

त्याने आल्या आल्या डागावर बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, लिंबू का व्हिनेगर?"